पॅकिंग मटेरियल, एक नग

जरा जवळ ये गं. आधी तो मोबाइल पालथा घाल. मी बोलत असले की तुझा अंगठा त्याच्यावर फिरत असतो, ते मला इथे शारजात बसूनही कळतं. परवा तू म्हणालीस, "खाला, एक पुठ्ठाच तर होता, त्यासाठी एवढ्या उन्हात अबू धाबीपर्यंत कशाला गेलीस?" त्यावर फोन बंद झाला. लाइन गेली असं मी नंतर सांगितलं, पण लाइन गेली नव्हती, मीच ठेवला. राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही. तू माझ्या बहिणीची लेक, तुला मी न्हाऊ घातलंय, तेव्हा तुला चार शब्द सुनवायचा हक्क माझा आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, बोलते तसंच लिहिते. चुका काढत बसू नकोस, नीट वाच.

तुझे खालू इथे आले ते सिनेमात ऑपरेटर म्हणून. शारजातल्या रोल्ला चौकाच्या मागच्या अंगाला तेव्हा एक थिएटर होतं. वरच्या मशीन रूममध्ये दोन मशिनी, बाजूला रिळांचे पत्र्याचे डबे आणि मधे हे घामाने निथळत उभे. लग्नानंतर तीन वर्षांनी मला आणलं आणि पहिल्याच जुम्याला इंग्लिश सिनेमाला बसवलं. अंधार झाला, पडद्यावर काळा समुद्र आला, खडकावर उभी दीपगृहाची बत्ती दिसली आणि तिचा झोत गरकन फिरून थेट माझ्या तोंडावर आला. मी बाजूच्या बाईचा हात धरला. म्हटलं, ही आमची रत्नागिरीची बत्ती. तोच खडक, तोच उतार. घरी येऊन मी आईला पत्र लिहिलं की आपली बत्ती इंग्लिश सिनेमात दाखवतात. तुझ्या नानीने ते पत्र मोहल्लाभर फिरवून वाचून घेतलं. लोक म्हणे मुद्दाम बत्तीखाली जाऊन उभे राहायचे.

ती अमेरिकेतल्या एका बड्या सिनेमा कंपनीची निशाणी होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. मी यांना विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तुझं तोंड एवढं खुललं होतं, सांगवेना."

तेव्हापासून आमच्या घरात त्या कंपनीला बत्तीवालेच म्हणतात. यांना तिची सगळी हकिगत तोंडपाठ. एका शिंप्याच्या मुलाने भाड्याच्या शेडमध्ये सुरू केली, नट-नट्यांना पगारावर ठेवलं, स्वतःची गावंच्या गावं उभी केली आणि जगात जिथे पडदा तिथे बत्ती पोचवली. हे असं सांगायचे जणू ह्यांचे आजोबाच त्या शेडमध्ये होते. त्यांचे डबे आले की आधी फडक्याने पुसायचे. दुसऱ्या कंपन्यांचे नाही पुसायचे.

आता पुठ्ठ्याकडे येते. इंग्लिश सिनेमात ते चुंबनाबिंबनाचे प्रकार असायचे, आणि खाली पोराबाळांसकट माणसं बसलेली. मालकाचा हुकूम होता की असलं काही दिसता कामा नये. दुसऱ्या थिएटरांत ऑपरेटर सरळ कात्री चालवायचे. पण बत्तीवाल्यांची ताकीद होती की रीळ आमचं आहे, इंचभरही कापायचं नाही, आलं तसं परत पाठवायचं. तुझ्या खालूंनी ती ताकीद कुराणाची शपथ घेतल्यासारखी पाळली. कात्री म्हणून मशीन रूममध्ये ठेवलीच नाही. ते भिंगासमोर पुठ्ठा धरायचे. आवाज चालू, चित्र गुल. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा होता तो, पण कडेने उजेड फुटायचा आणि हात भाजायचा. मग मी त्याला माझ्या जुन्या बुरख्याचं काळं कापड दुहेरी शिवलं आणि मागे पंज्याच्या मापाची मूठ लावली. त्या मुठीचे टाके मी तीनदा उसवले, बोटं बरोबर बसेपर्यंत.

कुठे झाकायचं हे लक्षात राहावं म्हणून मागच्या बाजूला एक पट्टी कापडाशिवाय सोडली होती. तिथे हे शिसपेन्सिलीने मराठीत खुणा लिहायचे. "डबा चौथा, बाईने टोपी काढली की झाक." "डबा सहावा, घोडा गेला की झाक, कुत्रा भुंकला की काढ." एकदा म्हातारा बाप मरायला टेकल्याचा सीन होता. त्याच्या आधीच्या चुंबनाला पुठ्ठा धरलेला, आणि हे म्हाताऱ्याचं बोलणं ऐकता ऐकता रडायला लागले, पुठ्ठा काढायचंच विसरले. खालून शिट्ट्या, पठाणांचा आरडाओरडा, आणि आपल्याच कोकणातला कोणीतरी मराठीत ओरडला, "ओ ऑपरेटर, म्हातारा मेला का, तेवढं तरी सांगा." वर्षभर लोक यांना रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय ऑपरेटर, म्हातारा कसा आहे?"

हसू येतंय ना? मलाही येतं. म्हणूनच जास्त चीड येते.

पुढे बत्तीवाल्यांचे दिवस पालटले. शिंप्याची नातवंडं आपापसांत भांडली आणि कंपनी विकली. कोणा साबणवाल्यांनी घेतली. मला ते कसं कळलं, तर बत्तीच्या पायाशी बारीक अक्षरांत त्यांचं नाव येऊ लागलं. मी डब्यांवरचं वाचून वाचूनच इंग्लिश शिकलेली, मला बरोबर दिसलं. मग साबणवाल्यांकडून फोनवाल्यांकडे गेली आणि ती ओळ जाड झाली. इकडे व्हिडिओ आले, थिएटर बंद पडून तिथे फर्निचरचं दुकान निघालं. हे शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये लागले, नटबोल्ट मोजायला. पण निघताना पुठ्ठा घरी आणला आणि कपाटामागे उभा करून ठेवला.

आता तर सिनेमा घरीच दिसतो. बत्ती आली की आमची नात बटण दाबून पुढे जाते. हे म्हणाले, "अगं, थांब की, झोत फिरू दे." ती आजोबांना म्हणाली, "दादा, नोबडी वॉचेस दॅट पार्ट."

दोन वर्षांमागे आमच्या दारात एक मुलगी आली. पुण्याची, गोड बोलणारी, बत्तीवाल्यांच्या दुबईच्या ऑफिसात नोकरीला. म्हणाली, "काका, कंपनीचा मोठा वाढदिवस आहे. अबू धाबीत प्रदर्शन भरवतोय. इथल्या जुन्या थिएटरांतल्या वस्तू काचेच्या पेटीत ठेवणार, खाली माणसाचं नाव." यांनी पुठ्ठा काढून दिला. द्यायच्या आधी पुसला. तिने पावती दिली, त्यावर नीट लिहिलं, "हाताने बनवलेला झाकणीचा फलक, मुदतीपुरता घेतला." जाताना माझे टाके बोटाने चाचपून म्हणाली, "मावशी, तुमचंही नाव लावू." मी म्हटलं, "माझं कशाला?" पण लावलं असतं तर मी काही नको म्हणणार नव्हते.

मग काय विचारतेस. यांनी नवा शर्ट शिवायला टाकला. रोल्लाला चहाच्या दुकानात यांचे जुने दोस्त बसतात, सगळे सत्तरीच्या पुढचे, त्यांना यांनी आमंत्रणं देऊन टाकली. सगळे मिळून एका गाडीतून जाणार होते.

आणि कंपनी पुन्हा विकली गेली. सगळी एकदम नाही, तुकडे करून. सिनेमे एकाने घेतले, नाव दुसऱ्याने. नव्या मालकांनी बत्तीच काढून टाकली. आता तिथे नुसती दोन अक्षरं फिरतात, धुलाईच्या पावडरीवर असतात तशी. प्रदर्शन रद्द झालं. मी पावतीवरच्या नंबरला फोन केला, तर एकजण म्हणाला, प्रोजेक्ट होल्डवर आहे. दुसऱ्यांदा केला तर म्हणे ती पावती जुन्या कंपनीची, आमच्याकडे फक्त सिनेमे आलेत, वस्तू नाहीत. मी हिंदीत विचारलं, "तो हमारी चीज किसके पास है?" तो म्हणाला, "मॅडम, ईमेल कीजिए." नातीने ईमेल केला, तो तसाच परत आला.

हे म्हणाले, "जाऊ दे, गेलं तर गेलं." पण चहाच्या दुकानात जायचे बंद झाले. तिथे एक दोस्त विचारायचा, "काय ऑपरेटर, काच पुसून झाली का?" तो गमतीत विचारायचा, वाईट मनाचा नाही. यांना ते सोसलं नाही. सकाळी कपडे करायचे, दारापर्यंत जायचे आणि म्हणायचे, आज ऊन फार आहे. चाळीस वर्षं इथल्या उन्हात काढलेला माणूस.

मग एक दिवस त्या पुण्याच्या मुलीचाच फोन आला. आवाज अगदी बसलेला. "मावशी, मलाही काढलंय. सामान अबू धाबीला, मुसफ्फ्याच्या गोदामात पडलंय. या आठवड्यात गोदाम रिकामं करून सगळं भंगारात देणार. मला आत सोडत नाहीत. तुम्ही जाऊन बघा." तिच्यावर माझा राग नाही. तिने जाता जाता एक माणुसकीचं काम केलं.

यांना काही बोलले नाही. नातीला म्हटलं, "गाडी काढ, यल्ला." ती म्हणाली, "दादी, इट्स जस्ट कार्डबोर्ड." बघ, तूही तेच म्हणालीस. मी म्हटलं, "गाडी काढ, नाहीतर मी टॅक्सी करते." तिने काढली.

मुसफ्फ्यात वर्कशॉपांच्या ओळीच्या शेवटी ते गोदाम. स्टोअरकीपर केरळचा, पन्नाशीचा, चांगला माणूस. पावती वाचली, यादी तीनदा वरखाली केली. "अम्मा, लिस्ट में फलक-वलक कुछ नहीं है." मी म्हटलं, "मला बघू दे." आत खुर्च्या, दिवे, पोशाखांची खोकी, आणि मधोमध फायबरची भली मोठी बत्ती, दारात उभी करायला बनवलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. म्हणे ती नीट सांभाळायचीय, कोणी हॉटेलवाला घेणार आहे. तिच्या बुडाला काळं काहीतरी दिसलं. मी खाली बसले. गुडघे माझे कसे आहेत तुला ठाऊक आहे, तरी बसले. माझी मूठ बाहेर डोकावत होती.

बत्तीच्या बुडाला ओरखडे पडू नयेत म्हणून खाली पुठ्ठा सारला होता. तुझ्या खालूंचा. ज्या माणसाने त्यांच्या रिळांचा एक इंच कधी कापला नाही, त्याचा.

दोन माणसांनी बत्ती तिरकी केली, मी पुठ्ठा ओढला. कापड एका कोपऱ्यात फाटलेलं, आणि मागे खुणांवरून कोणीतरी मार्करने ठळक इंग्लिशमध्ये लिहिलेलं, पीकेजी. स्टोअरकीपर म्हणाला, "अच्छा, ये! ये तो पॅकिंग मटेरियल में है." मी म्हटलं, हा माझ्या नवऱ्याचा आहे, पावती हातात आहे, मी नेणार. तो म्हणाला, "अम्मा, प्रदर्शनाच्या वस्तूला गेटपास लागतो. कंपनीची सही पाहिजे." कुठल्या कंपनीची? त्यालाही माहीत नाही. ती कंपनीच उरली नाही तर सही कोण करणार? मी तिथेच एका खोक्यावर बसले आणि सांगितलं की मी उठणार नाही. नात लाजून चूर झाली.

तो बिचारा डोकं खाजवत राहिला. मग हळूच म्हणाला, "पॅकिंग मटेरियलला गेटपास लागत नाही. तुम्ही ते नेलं म्हणून फक्त रजिस्टरात सही करा." म्हणजे समजलं तुला? वस्तू म्हणून मागितला तर मिळणार नाही, कचरा म्हणून उचलला तर घेऊन जा. त्याने माझ्यापुढे रजिस्टर धरलं. "पॅकिंग मटेरियल, एक नग." मी मराठीत सही केली, मोठ्या अक्षरांत, दोन ओळी भरून. तो म्हणाला, "खलास, अम्मा, ले जाइए," आणि फाटलेल्या कोपऱ्याला स्वतः चिकटपट्टी लावून दिली.

घरी आले. हे टीव्हीपुढे बसले होते. मी पुठ्ठा यांच्या मांडीवर ठेवला आणि खोटं बोलले. म्हटलं, "कंपनीने मानाने परत केलाय. माफी मागितली. प्रदर्शन झालं की पुन्हा नेणार, इन्शाल्ला." यांनी मूठ धरली. बोटं अजून बरोबर बसतात. मग पुठ्ठा उलटा केला. मार्करच्या अक्षरांवर त्यांचा अंगठा थांबला. डब्यांवरची इंग्लिश अक्षरं मला यांनीच शिकवलीत गं. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं. भला माणूस भेटला म्हणायचा."

तेवढंच. आता आम्ही दोघं एकमेकांसमोर ते खोटं जपत बसलोय आणि मी आतल्या आत जळतेय.

तो मार्कर मी ब्रेडने घासून बघितला, लिंबाने बघितला, निघत नाही. खाली पेन्सिलीच्या खुणा आहेत, उजेडात तिरका धरला की दिसतात. माझी नजर आता तेवढी चालत नाही आणि यांना "वाचा" म्हणायची माझी हिंमत नाही. नातीला मराठी वाचता येत नाही. तुला येतं.

तेव्हा सुट्टीबिट्टीचं कारण सांगू नकोस. व्हिसाचं मी बघते. येताना कोकमं आण आणि काळ्या कापडाचा एक तुकडा आण, जाड बघून. आल्यावर चहा व्हायच्या आधी यांच्याजवळ बस आणि म्हण, "खालू, तो पुठ्ठा दाखवा की, मला खुणा वाचायच्यात." मग चहाच्या दुकानातल्या त्या चार म्हाताऱ्यांना मी घरी बोलावते. कुत्रा भुंकला की काढ, तिथपर्यंत सगळं मोठ्याने वाच. लवकर ये बाई.