चैत्रगौरीपुढे सापडलेली गाठ

समोरच्या शैलाचं बरं झालेलं मला बघवत नसे, हे आधीच कबूल करते. दिल्लीत द्वारकेच्या सोसायटीत आम्ही दोघी एकाच मजल्यावर राहत होतो. तिच्या नवऱ्याला परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि वर्षाच्या आत तिच्या दाराशी पांढरी गाडी आली. आमचे हे सरकारी कचेरीत होते तिथेच. देवीपुढे दिवा लावतानाही तिला दिलंस तसं मला दे, एवढंच माझं मागणं असे.

त्या हिवाळ्यात मी बारीक होऊ लागले. संध्याकाळी कणकण यायची, थंडीतही झोपेत घामाने अंग भिजायचं, पण आपण शैलापेक्षा सडपातळ दिसतो याचाच मला आनंद. मानेच्या खालच्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून पदराखाली झाकून ठेवली.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिच्याकडे नाइलाजानेच गेले. तिची कैरीची डाळ माझ्यापेक्षा चांगली झाली होती, तेही खुपलं. कपाळाला कुंकू लावून झाल्यावर रीतीप्रमाणे मंगळसूत्राला लावायला तिने माझा पदर सरकवला आणि तिची बोटं थांबली.

"दुखते का गं?"

"बिल्कुल नाही," मी तोऱ्यात म्हटलं.

"माझ्या दादाचीही दुखत नव्हती. चलो, उद्याच दाखवू."

दाखवायला उशीर झाला म्हणून तिचा भाऊ गेला, हे मला तेव्हा कळलं. तिच्याकडे काय आहे तेवढंच मी आजवर बघत आले होते.

डॉक्टरांना आधी टीबीची शंका आली. गाठ काढून तपासली तेव्हा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. औषधांनी बरा होऊ शकतो, असं ते म्हणाले. दर तीन आठवड्यांनी केमोला मी त्याच पांढऱ्या गाडीतून गेले. केस गळले तेव्हा शैलाच्या जाड वेणीचाही हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? एकदा गाडीत बसल्या बसल्या मनाशी म्हटलं, देवी, आता मागणं संपलं, तू ठेवशील तशी राहीन. शैलासारखं काहीतरी मागत होते, आणि देवीने मला तीच दिली होती.

पुढच्या चैत्रात मंगळसूत्राला कुंकू लावताना शैलाने बोटं मुद्दाम माझ्या मानेवरून फिरवली. हाताला काही लागलं नाही. कैरीची डाळ यंदाही तिचीच चांगली झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.