अर्धा तास

तळलेल्या सुरमईचा वास आला की हॉस्टेलच्या मेसमध्येही मला आखातातल्या अल मजाजचं आमचं जुनं घर आठवतं. मंदीचं वर्ष होतं, खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन कित्येक महिने हलल्या नव्हत्या. बाबांच्या ऑफिसातली माणसं एकेक करून कमी होत होती, म्हणून बाबांनी साहेबांना जेवायला बोलावलं. नोकरी टिकली तरच मी कॉलेजात जाणार होते, घरातली पहिली. साहेब नुकतेच आफ्रिकेतून धनुष्यबाणाने शिकार करून आले होते. जेवता जेवता त्यांनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. गाईएवढं मोठं हरीण गवत खात होतं. बाण त्याच्या आरपार गेला. ते जरासं दचकलं आणि पुन्हा शांतपणे चरू लागलं. "खलास! पण त्याला पत्ताच नाही," साहेब म्हणाले. "मग तुम्ही काय केलंत, सर?" बाबांनी विचारलं. "काही नाही. गाइड म्हणाला, अर्धा तास हलायचं नाही. आपण त्याच्या मागे गेलो की ते लांब पळतं." मग बाबांकडे बघत ते हळूच म्हणाले, "तुम्ही जेवा ना. वहिनी, यांना सुरमईची अजून एक तुकडी वाढा." ते गेल्यावर बाबा हसले. "साहेब घरी जेवून गेले, आता काळजी नाही," म्हणाले आणि त्यांनी आणखी भात मागितला. दोन दिवसांनी नोकरी गेल्याचं पत्र आलं. खाली सही साहेबांची होती आणि तारीख जेवणाच्या आदल्या दिवसाची. बाबांनी ती तारीख पाहिली होती का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. मी उशिरा का होईना, कॉलेजात आले. पण ताटात सुरमई आली की पहिला घास घेण्याआधी मी मान वर करून आजूबाजूला पाहते.