हळदीत चुना

गावात रंगीत टीव्ही आले होते. आमच्या दिंद्रुडच्या बालवाडीत मात्र रंग नव्हते. म्हणून मी घरून हळद आणि चुना आणला.

"पिवळ्यात पांढरा मिसळला की फिकट पिवळा," मी मुलांना ठणकावून सांगितलं आणि कालवलं. वाटी लालभडक झाली! मुरगळलेल्या पायाला हळद-चुना मीही लावला होता, पण डोक्यात पुस्तकातलं बसलेलं.

बाजाराच्या दिवशी बालवाडीच्या दारात हळदीचं कुंकू करून विकणारी एक कुंकूवाली बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. ती लाल बोटं पदराला पुसत आत आली. शिदोरीतलं लिंबू काढून तिनं मुलांना विचारलं, "आता काय व्हईल रे?"

मी तोंड उघडलं.

"तुमी गप बसा बाई. आधी त्यान्ला बोलू द्या."

"काळा!" "हिरवा!" मुलं ओरडली. ती सगळ्यांचं ऐकून घेईपर्यंत थांबली, मग लिंबू पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं.

"घ्या, तुमचा रंग वापस," म्हणत ती टोपलीकडे गेली.

पुढं रंगपेट्या आल्या. मिसळण्याआधी उत्तर मात्र मी पुन्हा कधी सांगितलं नाही.