कललेल्या भिंतींखाली

डब्लिनमध्ये मास्टर्स करून मी जुन्या इमारती तपासणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागले. पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडे पश्चिम आयर्लंडमधल्या एनिस गावाजवळचं एक प्रार्थनागृह तपासायला आलं. ते बांधणारे वास्तुकार अजून हयात होते. अभिव्यक्तिवादी, म्हणजे इमारतीनं आधी माणसाच्या मनातलं बोलावं, सोयीचं नंतर बघू, असं मानणारे. कामं त्यांना आयुष्यभर बेताचीच मिळाली. तुम्ही बांधलेल्या घरात झोप कशी लागायची, असं लोक त्यांना तोंडावर विचारायचे. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, तरी ते स्वतः दाखवायला आले.

मी आत गेले आणि आधी वर पाहिलं. दोन्हीकडच्या काँक्रीटच्या भिंती आत कलत वर गेलेल्या. माथ्यावर आभाळाची चिंचोळी फट, काच लावून बंद केलेली. बाहेर वारा घोंगावत होता. मी हातोडीनं भिंत ठोकत निघाले. एका ठिकाणी आवाज पोकळ आला, म्हणजे आतलं काँक्रीट सुटलं होतं.

"सर, आपण बाहेर जाऊ या," मी म्हटलं.

ते काही बोलणार तेवढ्यात वरून परातीएवढा तुकडा सुटला आणि आमच्या नि दाराच्या मध्ये आदळला. धुळीनं काही दिसेना. दिसू लागलं तेव्हा ते जमिनीवर बसले होते, दोन्ही हात डोक्यावर.

"लागलं का तुम्हाला?"

"नाही. पण मला उठता येत नाहीये."

वर गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या, त्यांतून बारीक वाळू गळत होती. फोनला रेंज नव्हती. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. ते एकटक वर बघत बोलायला लागले.

"तरुणपणी इंग्लंडमध्ये मजुरीला होतो. चर खणताना माती अंगावर आली. छातीपर्यंत गाडलो गेलो. शेजारी गाडला गेलेला मजूर मला हाका मारत होता. मग थांबला. वर तेवढी आभाळाची पट्टी दिसत होती. पुढे वास्तुकार झालो आणि हे बांधलं. लोकांना वाटलं, देवाचा प्रकाश."

म्हणजे आम्ही त्या चरातच बसलो होतो.

"मग बाहेर कसे आलात?"

"कुणीतरी काखेत हात घालून ओढलं."

मी त्यांच्या काखेत हात घातले. ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. तुकड्याला वळसा घालताना मी वर पाहिलंच नाही. नुसती दाराकडे बघत राहिले, आणि वाळू माझ्या मानेवर पडत राहिली.

गाडीत त्यांना थर्मासमधला चहा दिला. निम्मा कोटावर सांडला.

"अहवालात काय लिहिणार आहेस?"

"ताबडतोब बंद करा, असं."

त्यांनी रुमालानं कोट पुसला. मग "ग्रँड," म्हणाले, म्हणजे तिकडच्या बोलीत ठीक आहे. "लिही."

प्रार्थनागृह बंद झालं, छताला टेकू दिले गेले. दुरुस्ती पुरी व्हायच्या आधीच ते वारले. उद्‌घाटनाला मला बोलावलं होतं. मी दारापर्यंत गेले. सगळे आत बसले होते, मुलं मान मागे टाकून वर त्या आभाळाच्या फटीकडे बघत होती. मी बाहेर पायरीवरच उभी राहिले.