पिवळ्या पोपटाची साक्ष

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, रविवारी सकाळी सायकल काढून हेब्बाळच्या तळ्यावर जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, डोळ्यांना जरा हिरवं दाखवून आणतो. आठवडाभर वाफेत उभं राहून त्यांचे डोळे लालभडक होत, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चिकपेटच्या मागे एका बोळात आमचा रेशीम रंगवायचा कारखाना होता. कारखाना कसला, चार चुली, तांब्याच्या कढया आणि अंगणात बांबूंवर वाळत टाकलेल्या लडी. आमचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं, की मूळ गाव कुठलं यावरून घरातल्या म्हाताऱ्यांची भांडणं लागत. बोलणं मराठी, पण त्यात निम्मी कानडी. थोरल्या काकांना आम्ही दोड्डप्पा म्हणायचो. कारभार त्यांच्या हातात आणि रंग अण्णांच्या हातात, अशी वाटणी होती.

व्यापारी चिंधीएवढा नमुना आणून द्यायचा आणि अण्णा नेमका तोच रंग कढईतून काढायचे. दोन धागे पिळायचे, फुंकून वाळवायचे, दाराशी उजेडात नमुन्याला लावून बघायचे. त्यांनी मान हलवली की बाकीच्या लडी कढईत. सगळा हिशेब डोळ्यांवर. त्याचा त्यांना ताठा होता, आणि का नसावा? मला तरी त्यात काही गैर वाटत नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. त्या पावसाळ्यात एका व्यापाऱ्याचा पिवळा माल परत आला. त्याला हवा होता लिंबासारखा पिवळा, आणि लडींवर स्वच्छ हिरवी झाक. कढई नीट घासलेली नव्हती की पूडच तशी आली होती, देव जाणे. अण्णा म्हणत राहिले की मी बघितलेले दोन धागे बरोबर होते. पण ते धागे आता आणायचे कुठून? दोड्डप्पांनी हळूच घरात विषय काढला, की वाफेनं याचे डोळे गेले बहुतेक.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात रविवारी अण्णा हेब्बाळहून आले ते हरखूनच. तळ्याकाठच्या पेरूच्या बागेत पोपटांचा थवा उतरला होता आणि त्यात एक पोपट अख्खा पिवळा होता म्हणे. चोच लाल, गळ्याला गुलाबी कंठी, सगळं पोपटाचंच, फक्त हिरवा म्हणून एक ठिपका अंगावर नाही. असा पिवळा कढईतून काढता आला तर जन्माचं सार्थक होईल, असं ते आमटी ओरपत म्हणाले.

पंगतीत दोड्डप्पांचा मुलगा फिस्सकन हसला. आधी हिरव्या लडी पिवळ्या दिसल्या, आता हिरवा पोपट पिवळा दिसायला लागला, असं तो म्हणाला. मला त्याच्या पानात पाणी ओतावंसं वाटलं. दोड्डप्पा हसले नाहीत, ते त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांसमोर दोन लडी ठेवल्या आणि यातली पिवळी कुठली ते विचारलं. आता, सरळ बोट दाखवून मोकळं व्हायचं की नाही? पण आमच्याकडे सगळ्यांच्या नाकावर राग, माझ्याही. मी काय बालवर्गात बसलोय का, असं म्हणून अण्णा तरातरा निघून गेले. झालं, सगळ्यांना वाटलं यांना ओळखताच येत नाही. दोड्डप्पांनी ठरवून टाकलं, की दसऱ्यापासून रंग त्यांचा मुलगा बघेल आणि अण्णा पुढे गादीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलतील. ज्या माणसाला जेवायलासुद्धा दहा मिनिटं एका जागी बसवत नसे, त्याला गादीवर बसवणार. अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मधल्या वारीही ते हेब्बाळला जाऊन यायला लागले, पण पोपट काही पुन्हा दिसेना. बागेच्या राखणदाराला विचारलं, तर तो म्हणाला, पोपट पेरू नासवतात एवढं मला ठाऊक, त्यांचे रंग कोण बघत बसलंय.

आता आईचं सांगते. माझी आई दोड्डप्पांसमोर कधी बोलत नसे. त्यांना आणखी भात हवा का, हेही मला विचारायला लावायची. एका दुपारी सगळे जेवत असताना पुन्हा दसऱ्याचा विषय निघाला. आईनं हातातला डाव खाली ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊजी, तो पिवळा पोपट मी पण पाहिलाय."

सोमवारी शेजारणीबरोबर ती हेब्बाळच्या देवळात गेली होती, तेव्हा येताना बागेपाशी दिसला म्हणे. दोड्डप्पा तिच्याकडे बघतच राहिले. जी बाई कधी बोलत नाही ती बोलते म्हणजे खरंच असणार, असं त्यांना वाटलं असावं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "मग आहे तसंच चालू दे."

अण्णांचा आनंद काय सांगू! माणूस नुसता तरंगत होता. येता-जाता आईला गाठून विचारायचे, कुठल्या झाडावर होता, शेपूटही पिवळीच ना, उडताना कसा दिसला. ती भाजी निवडता निवडता सगळं बिनचूक सांगायची. आता मलाही तो दाखवायचा आणि तिघांनी मिळून जायचं, असं अण्णांनी ठरवलं. पण रविवार आला की आईचं डोकं दुखायचं. पुढच्या रविवारी तिचे सांडगे निघाले. शेवटी दसऱ्याआधीच्या रविवारी मीच हट्टाला पेटून रडारड केली आणि आम्ही बसनं हेब्बाळला गेलो.

बागेच्या कुंपणापाशी बराच वेळ उभे होतो. आई सारखी, ऊन लागतंय, चला आता, असं करत होती. अण्णा म्हणाले, स्वल्प थांब. आणि कलकलाट करत थवा आला. हिरवे, हिरवे, हिरवे, आणि मधोमध तो. अगदी समोरच्या फांदीवर बसला आणि पेरू टोकरायला लागला. असा पिवळा मी नंतर रेशमातही पाहिला नाही.

"अगंबाई," आईच्या तोंडून निघून गेलं, "खरंच पिवळा आहे की हो!"

अण्णा हळूच तिच्याकडे वळले. आईनं तोंडाला पदर लावला, पण आता काय उपयोग. मी इतकी लहान, पण मलासुद्धा कळलं.

"म्हणजे तू पाहिलाच नव्हतास," अण्णा म्हणाले. "तुलाही वाटत होतं माझे डोळे गेले."

"वाटत होतं," आई म्हणाली. "म्हणून तर बोलले. तुमचं खरं आहे असं वाटलं असतं तर मी कशाला मध्ये पडले असते? ते आपोआप कळलंच असतं सगळ्यांना."

"आणि डोळे खरंच गेले असते, पुन्हा माल चुकला असता, म्हणजे?"

"कसा चुकेल? इतके दिवस तुम्ही धागे बघताना मी दाराशी चहा घेऊन उगाच का उभी राहत होते? पिवळा काय, हिरवा काय, मला दिसतं की."

पोपटानं तो पेरू अर्धा टाकून दुसरा धरला, मग थव्याबरोबर तळ्यावरून उडून गेला. ज्याच्यासाठी इतक्या खेपा घातल्या त्याच्याकडे अण्णांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. ते आईकडेच बघत उभे होते.