बुडबुड्यातलं केंद्रक

"ही स्लाइड वेगळी धुवा. फिनाईल टाकून," मॅडम म्हणाल्या.

ज्या बाईला त्या हे सांगत होत्या, ती माझी आई. गोंदियातल्या एका इंग्रजी शाळेत ती आया होती. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणं तिच्याकडे. त्याच शाळेत मी नववीत. सगळी मुलं तिला मावशी म्हणत. शाळेत मीसुद्धा.

स्लाइड माझी होती.

त्या दिवशी गालाच्या पेशी बघायच्या होत्या. टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून हलका खरवडायचा. ते काचेवर पसरायचं. त्यावर निळ्या रंगाचा थेंब, आणि वर पातळ काच. सुईने धरून, तिरकी, हळूहळू सोडायची. धपकन सोडली की खाली हवा अडकते. मी हळू सोडली. मला कुठलंच काम धपकन करता येत नाही. बोलणंसुद्धा.

मॅडम एकेक स्लाइड मोठ्या मायक्रोस्कोपखाली घालून बघत होत्या. एकीपाशी थांबल्या. "एक्सलंट! मेम्ब्रेन, न्यूक्लियस, सायटोप्लाझम, सब क्लिअर. लाइन से आओ. यही ड्रॉ करना है."

सहा-सात जणींनी डोळा लावून पाहिलं. मग मॅडमनी विचारलं, "किसकी है?"

मी हात वर केला.

पहिल्या बाकावरची मुलगी नुकतीच बघून गेली होती. ती रुमालाने डोळा पुसू लागली. "छी मॅम, इसका थूक है ये!"

वर्ग हसला. थुंकी तर प्रत्येकीच्या स्लाइडवर होती. पण स्कॉलरशिपची यादी वर्गात जातीसकट मोठ्याने वाचली जायची. आम्ही बौद्ध, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम हसल्या नाहीत. दोन बोटांत कडेला धरून त्यांनी स्लाइड काढली. "यांच्या घरी काय काय खातात, कोणाला माहीत." हळूच म्हणाल्या. मला ऐकू येईल एवढं हळू.

आणि आईला हाक मारली.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत तिने कितीतरी स्लाइड धुतल्या होत्या. आत काय दिसतं, बघ म्हणून तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. नळ सुरू झाला. निळं पाणी वाहून गेलं. फिनाईलचा वास वर्गभर पसरला.

मायक्रोस्कोपखाली आता त्या पहिल्या बाकावरच्या मुलीची स्लाइड लागली. माझा नंबर सगळ्यांत शेवटी. मी डोळा लावला.

गोल. अगदी गोल. जाड काळी कड. आत रिकामं.

हवेचा बुडबुडा होता तो. गालाची पेशी अशी नसते. ती पसरट असते, वेडीवाकडी, कडा कुठेकुठे दुमडलेली, आत गडद निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. मी मान वर करून मॅडमकडे पाहिलं. मग जागेवर जाऊन बसले.

सगळ्या वर्गाने जर्नलमध्ये बुडबुडा काढला. बुडबुड्याला केंद्रक नसतं. म्हणून प्रत्येकीने आपल्या मनाने मधोमध एक ठिपका दिला. मॅडमनी सगळ्यांवर सही केली.

मी माझ्या पेशी काढल्या. धुतल्या जाण्याआधी, मॅडमना देताना, छोट्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या होत्या तशा. खाली लिहिलं: नमुना, माझा गाल.

"ये क्या है? सबका एक जैसा, तेरा अलग क्यों?"

"मॅडम, मी हे पाहिलं."

"वो स्लाइड कॅन्सल हुई ना? पेज फाड. नया ड्रॉ कर. नहीं तो साइन नहीं मिलेगा."

सही नाही, तर प्रात्यक्षिकाचे गुण नाहीत. मॅडमनी हे आईलाही ऐकवलं.

संध्याकाळी मुर्री वस्तीतल्या आमच्या घरी आई म्हणाली, "काढून दे न पोरी. एक चित्रच त आहे. काऊन जिद्द करून राहिली?"

मी जर्नल तिच्यासमोर उघडलं.

"हे काय होय?"

"माझा गाल. आतून."

तिने हात पदराला पुसले. कागदावर बोट ठेवलं. "हेच धुतली का मी?"

मी हो म्हटलं.  ती सूप घेऊन माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. तिचे खांदे हलत होते. तिने पुन्हा चित्राचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. "मी पान फाडणार नाही, मॅडम. तुम्ही दाखवलेल्या स्लाइडवर पेशी नव्हती. हवेचा बुडबुडा होता."

आवाज कापत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, इसके मुँह में जबान है!" मॅडमनी मायक्रोस्कोपकडे वळूनही पाहिलं नाही. लाल पेनाने जर्नलवर 'इन्कम्प्लीट' लिहिलं. माझे गुण गेले. त्याच आठवड्यात आईला प्रयोगशाळेतून काढून संडास-बाथरूमच्या कामाला लावलं.

गुणांचं काही वाटत नाही. आईचं वाटतं. ते दुःख अजून गेलेलं नाही, आणि मी ते जाऊ देणार नाही. माझी माफी कोणी मागू नये. मागायचीच तर तिची मागावी, तिच्यासमोर, सगळ्या वर्गादेखत.

पान फाड म्हणणारे पुढेही भेटले. कॉलेजात भेटले, इंटरव्ह्यूत भेटले. माझा आवाज अजून कापतो.

पान मी फाडत नाही.