भरलेलं मशीन

माझी बोटं दुखतात म्हणून मुलाने भांडी घासायचं मशीन पाठवलं. तो नोकरीसाठी लांब राहतो. फोनवरच त्याने शिकवलं, "आई, वाट्या पालथ्या घाल. ताटं एकमेकांना टेकवू नकोस, मधून पाणी फिरायला हवं. आणि भरल्याशिवाय लावू नकोस, पाणी वाया जातं."

माझं एक ताट, एक वाटी, एक पातेलं. तेवढ्याने मशीन कधी भरणार? भात वाळून ताटाला चिकटतो, म्हणून मी आपली नळाखालीच घासून टाकते. त्याने विचारलं की म्हणते, "छान निघतात रे भांडी."

पूर्वी मोरीत ढीग पडायचा. किती चिडचिड व्हायची माझी! घरात किती माणसं आहेत हे जेवताना जाणवत नाही, खरकटी भांडी पाहिली की जाणवतं.

आज जेवण झाल्यावर फळीवरची ताटं काढली. ह्यांचं, ते गेल्यावरही जपून ठेवलेलं. मुलाचं. सासरी गेलेल्या मुलीचं. सगळी स्वच्छच होती. माझ्या ताटाशेजारी ती उभी केली, मध्ये बोटभर जागा सोडून. मशीन लावलं आणि स्टूल घेऊन जवळ बसले. आत पाणी फिरत होतं. घर नुकतंच जेवून उठल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. आवाज ऐकून म्हणाला, "अरे वा, आज भरलं वाटतं मशीन! कोण आलं होतं गं जेवायला?"

मी मशीनवर हात ठेवला. मग म्हटलं, "आपलेच होते रे सगळे."